हिरव्याची मोजदाद

व्हिएतनामी येतं म्हटलं की लोक दोनपैकी एक वाक्य हमखास ऐकवतात. पहिलं: "त्यांच्यात निळ्याला नि हिरव्याला एकच शब्द आहे ना? मग चालतं कसं त्यांचं?" दुसरं वाक्य ऐकवणारे जरा जास्त वाचलेले असतात: "त्यांच्यात हिरव्या झाडापानांना म्हणे वीसेक शब्द आहेत! किती निसर्गाच्या जवळची माणसं!" पहिल्या वाक्याचा मला कंटाळा आहे. दुसऱ्याचा राग आहे. आजचं लिखाण त्या रागापायी.

आधी पहिल्याचा निकाल लावून टाकू, त्याला फार वेळ लागत नाही. शब्द आहे 'सान'. (सूर देवनागरीत लिहायची सोय नाही, त्यामुळे इथले सगळे उच्चार अंदाजाचेच समजावेत, आणि तेही बहुतेक दक्षिणेकडचे, कारण माझी चार वर्षं सायगावात गेली. कागदोपत्री ते हो ची मिन्ह शहर, पण तिथे राहणारे सायगावच म्हणतात.) आभाळ सान, समुद्र सान, भाताचं रोप सान. नेमकं सांगायची वेळ आली की पुढे एक शब्द जोडायचा: झाडाच्या पानाचा सान, आभाळाच्या कातडीचा सान, शेवाळाचा सान. एक 'कॉम'चा सानही आहे. कॉम म्हणजे कोवळ्या चिकट भाताचे भाजून कांडलेले हिरवट पोहे, हनोईजवळच्या वॉंग गावचे प्रसिद्ध, कमळाच्या पानात बांधून मिळतात. पोह्याच्या नावाने रंग ओळखणाऱ्या भाषेला रंग कळत नाहीत असं म्हणायला धैर्य लागतं. शिवाय चिनीतून आलेले 'लुक' (हिरवा) आणि 'लाम' (निळा) हे वेगवेगळे शब्द तिथे आहेतच. पानातल्या हरितद्रव्याला शाळेतली पोरं 'येप लुक' म्हणतात, म्हणजे सरळ 'पर्णहरित'. तेव्हा चालतं, त्यांचं उत्तम चालतं. ज्या भाषेत श्याम म्हणजे काळा, सावळा, निळसर यातलं नक्की काय हे अजून ठरलेलं नाही, त्या भाषेच्या लोकांनी तरी ही शंका काढू नये.

बर्लिन आणि के या दोघांनी १९६९ साली रंगनामांवर जे गाजलेलं पुस्तक लिहिलं त्याच्या शीर्षकातच 'उत्क्रांती' हा शब्द आहे. म्हणजे निळा-हिरवा एक असणारी भाषा खालच्या पायरीवर, वेगळा करणारी वरच्या. पुढे त्या मांडणीत पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण पायऱ्यांची सवय काही गेली नाही. असो.

आता दुसरं वाक्य. हे कौतुक आहे म्हणून जास्त घातक. आर्क्टिकमधल्या लोकांच्या बर्फाच्या शब्दांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. फ्रान्झ बोआसने १९११ साली बर्फासाठी चार वेगवेगळ्या मूळ शब्दांचं उदाहरण दिलं होतं. चाराचे पुढे डझनावारी झाले, वर्तमानपत्रांत शेकडा गाठला. लॉरा मार्टिन या मानवशास्त्रज्ञ बाईंनी १९८६ साली हा फुगा फोडला, तरी तो आजही हवेत आहेच. या गोष्टीत बर्फाबद्दल काही कळत नाही. ती सांगणाऱ्याला एकही शब्द येत नसतो, त्याला फक्त आकडा येत असतो. हिरव्याच्या वीस शब्दांचं तेच. वीस कोणते? त्यातला कुठला कधी वापरतात? एखादा चुकीच्या जागी वापरला तर काय होतं? या प्रश्नांपाशी कौतुक संपतं.

तर शब्दच पाहू.

'सान री' म्हणजे दाट, सलग, अंगाला अंग लागलेलं हिरवं. ते गवताचं. 'सान उम' झाडांच्या शेंड्यांचं: खालून वर पाहिलं तर आभाळ दिसत नाही असं. 'सान रऽन' कोवळ्या, एकसारख्या पसरलेल्या हिरव्याचं, भाताच्या रोपवाटिकेला (आपल्या कोकणातल्या तरव्याला) हा शब्द नेमका बसतो. 'सान मुओत' म्हणजे हात फिरवावासा वाटेल असं गुळगुळीत, ओलसर तकाकी असलेलं. पालेभाजीच्या वाफ्याला म्हणतात, निगा राखलेल्या केसांनाही 'मुओत' चालतं. आणि 'सान ले' म्हणजे कच्चं, आंबट, डोळ्यांत खुपणारं हिरवं. पिकायच्या आधीच उतरवलेली केळी 'सान ले'. माणसाला 'सान साव' म्हणाल तर तो फिकट, आजारी. भीतीने वा दुखण्याने चेहरा उतरला तर तो 'मोठ्या पानासारखा सान' झाला म्हणतात. तेच पान झाडावर असताना आरोग्याचं लक्षण आणि माणसाच्या तोंडावर आलं की रोगाचं!

यांना 'हिरव्याच्या छटा' म्हणणं ही पहिली चूक. रंगाच्या दुकानातल्या पत्रकावर हे शब्द छापता येणार नाहीत. 'री' आणि 'उम' यांचा रंग अगदी एकच असू शकतो. फरक आहे तो वाढीचा: जमिनीलगत की डोक्यावर, विरळ की दाट, ओलं की सुकत आलेलं. प्रत्येक शब्द म्हणजे कुणीतरी पाहून दिलेला एक निकाल आहे. मराठी माणसाला हे समजायला खरं तर अवघड जाऊ नये. डोळे काळेभोर असतात, अंधार काळाकुट्ट. अदलाबदल करून बघा. कपडे पांढरेशुभ्र आणि घाबरलेला चेहरा पांढराफटक. रंग तोच, निकाल वेगळा. आपण काळ्या-पांढऱ्याला जे केलं ते त्यांनी हिरव्याला जास्त बारकाईने केलं, कारण त्यांच्या पोटाचा प्रश्न त्या हिरव्यात होता.

पोटाचा प्रश्न म्हणजे भात. निकोप, जोरात आलेल्या पिकाला साधा शब्द आहे 'तोत'. त्याचा मूळ अर्थ 'चांगलं'. माणूस तोत, बातमी तोत, आणि शेत तोत म्हणजे तरारून आलेलं. एक जुनी म्हण आहे, तिचा आशय असा की माणूस खुलतो रेशमाने आणि भात 'तोत' होतो खताने. मूळ भाषेत रेशीम आणि भात हे दोन्ही शब्द 'लुआ'च, फक्त सूर वेगळा.

भाताच्या वाढीचे टप्पे सांगताना ही भाषा चक्क एका बाईचं आयुष्य सांगते. लावणीनंतर रोप मलूल होतं, मग मुळं धरतं आणि 'पुन्हा हिरवं होतं'. त्या टप्प्याचं नावच ते आहे. मग ते फुटवे 'प्रसवतं', आपण फुटवे फुटले म्हणतो, ते बाळंतपणाचं क्रियापद वापरतात. मग येतो काळ 'कॉन गाइ'चा, म्हणजे मुलगीपणाचा: शेत सगळ्यांत देखणं असतं तो. मग पोटरी धरणं, मग निसवणं, मग दाण्याने 'तोंडात दूध धरणं'. इथे आपलाही दाणा चिकात येतो, आपणही पोटरी म्हणतो. भात करणाऱ्या माणसांना भाताचं शरीर दिसतं, त्यात गूढ काही नाही. 'मऽन मऽन' हा शब्द (दोन्ही अक्षरं वेगळ्या सुरात) कोवळ्या, रसरसून वाढणाऱ्या अंकुरांचा, आणि तोच वयात आलेल्या मुलींनाही लावतात. आपल्या 'मुसमुसलेल्या' तारुण्याची ही सख्खी बहीण. मला ती फारशी आवडत नाही. शेतात वाकून लावणी करणाऱ्या बहुतेक बायाच, तिथेही आणि इथेही, पण बांधावर उभं राहून उपमा सुचणारा मात्र पुरुष असावा असा मला दाट संशय आहे.

या सगळ्यात माझा सर्वांत लाडका शब्द आहे 'लोप'. भात फार चांगलं झालं की ते लोप होतं. पान रुंद, गर्द, मऊ, शेत बघत राहावं असं, आणि दाणा नाही. असला तर पोचट. खत जास्त झालं, नत्र सगळं पाल्यात गेलं, ताट उंच आणि नाजूक झालं, एका वाऱ्यात पीक आडवं. आपल्या 'लोप'शी याचा काहीही संबंध नाही, नुसता योगायोग. पण काय योगायोग आहे!

आता उघडा कुठलाही व्हिएतनामी-इंग्रजी शब्दकोश. उम तुम: दाट हिरवंगार. सुम स्वे: दाट हिरवंगार. रम राप: दाट, घनदाट. मुओत: हिरवंगार. मऽन मऽन: कोवळं, हिरवंगार. पाच-सहा शब्दांपुढे इंग्रजीतली तीच दोन-तीन विशेषणं आलटून पालटून फिरत असतात. भाषांतराची यंत्रं त्याच्यावर पोसलेली, तीही हेच करतात. पण 'उम तुम' म्हणजे वाढू दिलेलं, थोडं अंधारं, जिथे साप असू शकतो असं. 'सुम स्वे' म्हणजे पानाफळांनी डवरलेलं, फांद्या खाली आलेल्या, अंगणातलं, कुणीतरी सांभाळलेलं. एकाच्या आत शिरायला कोयता लागतो, दुसऱ्याखाली खाट टाकता येते. हे दोन शब्द एका अर्थाखाली छापणारा माणूस बाग आणि रान यातला फरक पुसतो आणि वर पुन्हा म्हणतो, बघा किती समानार्थी शब्द! वीस शब्दांचा चमत्कार तयार होतो तो असा. आधी अर्थ मारायचे आणि मग प्रेतं मोजायची.

(जाता जाता: 'रुओम रा' म्हणजे फांद्यापानांचा अस्ताव्यस्त पसारा, आणि तोच शब्द लांबण लावलेल्या लिखाणालाही. आपल्या पाल्हाळातही मला पाला ऐकू येतो. सावध होऊन पुढे जातो.)

कौतुकवाल्यांचा दुसरा दावा, की असे शब्द असलेले लोक निसर्गाला जपतात, तो तर सरळ खोटा आहे. शब्द माणसाला शहाणं करतात तसेच फसवतातही. १९८८ साली व्हिएतनामात शेतीचे निर्णय सहकारी गटांकडून घराघराकडे आले, १९८९ पासून देश तांदूळ निर्यात करू लागला, आणि मेकाँगच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याच्या हातात युरियाचं पोतं आलं. युरिया टाकला की चारसहा दिवसांत शेत 'मुओत' होतं. डोळ्यांना इतकं बरं वाटतं की पुन्हा टाकावासा वाटतो. अशाच मऊ, गर्द, नत्राने फुगलेल्या भातावर तपकिरी तुडतुडे तुटून पडतात, करपा पसरतो, मग फवारणी. 'लोप' हा शब्द सगळ्यांच्या ओठांवर असूनही हे झालं. पुढे सरकारला आणि शास्त्रज्ञांना 'तीन कमी, तीन जास्त' अशी मोहीम काढावी लागली: बियाणं, नत्र आणि कीटकनाशक कमी, उत्पन्न, प्रत आणि नफा जास्त. त्याबरोबर प्लास्टिकची एक छोटी पट्टी आली, तिच्यावर हिरव्याचे काही रंग, फिकट पिवळसरपासून गर्दपर्यंत. भाताचं पान त्या पट्टीशी लावायचं, ठरलेल्या रंगाहून गर्द असेल तर युरिया नाही. ज्यांना निळा-हिरवा वेगळा कळत नाही असं म्हणतात ते शेतकरी बांधावर उभे राहून हिरव्या-हिरव्यातला फरक पाहत खताचा हिशेब करू लागले. पण पट्टी लागलीच ना? शब्द पुरला नाही. तेव्हा 'निसर्गाच्या जवळची माणसं' वगैरे कृपा करून नको. ती कर्ज, भाव आणि पोराच्या फीच्या जवळची माणसं आहेत. आपल्या इथल्यासारखीच.

कीटकनाशकालाही तिथे 'थुओक' म्हणतात, म्हणजे औषध. आपला शेतकरीही 'औषध मारलं' म्हणतो. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी विमानांनी दक्षिण व्हिएतनामवर सात कोटी लिटरहून जास्त तणनाशक ओतलं. त्यालाही बोलण्यात हाच शब्द लागला: 'थुओक खाइ क्वांग', शब्दशः मोकळं-उजेड करणारं औषध. पिंपांवरच्या पट्ट्यांच्या रंगावरून त्या रसायनांची नावं पडली होती. नारिंगी सगळ्यांना माहीत असतं. निळ्या पट्टीचं, आर्सेनिक असलेलं रसायन खास करून भाताची शेतं मारायला वापरलं. सायगावच्या दक्षिणेचं कान जिओचं खारफुटीचं जंगल असंच गेलं. १९७८ पासून लोकांनी चिखलात उतरून कांदळाची रोपं लावली आणि २००० साली युनेस्कोने त्याला संरक्षित जीवावरणाचा दर्जा दिला. आज ते उम तुम आहे. ते लावलेलं आहे हे माहीत असूनही मला 'सुम स्वे' म्हणावंसं वाटत नाही.

मग आपलं काय? वीस शब्दांवर माना डोलावणाऱ्या मराठी मंडळींना मी उलट विचारतो, तुमचे किती राहिलेत? तरारलेलं, टवटवीत, लुसलुशीत, डवरलेलं, लगडलेलं, फोफावलेलं, माजलेलं. कुणी शिकवावं लागत नाही, सगळे कळतात. लुसलुशीत गवत असतं, लुसलुशीत वड नसतो. तुळस डवरते, आंबा लगडतो, टाकळा माजतो. 'नुसती माजलीय, बोंड नाही' असं कपाशीबद्दल म्हणणाऱ्या बाईला 'लोप' समजावून सांगावा लागणार नाही. पण शेतीची माहितीपत्रकं उघडा: 'जोमदार कायिक वाढ'. रोपवाटिकेत जा: 'हेल्दी आहे साहेब, घेऊन टाका.' वर्तमानपत्रातला पावसाळा उघडा: 'हिरवागार शालू', दर वर्षी तोच शालू, त्याचे आता धागे निघाले. परक्या भाषेतल्या ज्या श्रीमंतीचं कौतुक चाललंय तीच आपल्या घरी अडगळीत टाकायची, आणि का, तर ती गावंढळ वाटते म्हणून. कृषी खात्याच्या एखाद्या पत्रकात 'पीक माजलं' असं छापून आलं तर वाचणाऱ्याला सल्ला न वाचताच कळेल.

यावर एक जण मला म्हणाला, "अरे पण शेवटी विशेषणंच ना ती, त्याने काय बिघडतं?"

काय बिघडतं ते हनोईत मार्च २०१५ मध्ये दिसलं. महापालिकेने रस्त्यांवरची सुमारे ६,७०० झाडं तोडून नवी लावायची योजना काढली. कारणं दिली ती सगळी विशेषणांतच होती: किडलेली, पोखरलेली, वाकडी, शहराच्या शोभेला न साजणारी. झाडं पडू लागली आणि लोकांनी ओंडक्यांचे फोटो काढले. बुंधे आतून शाबूत, पोखरलेलं काही नाही. एक अधिकारी म्हणाले, झाडं तोडायला लोकांना कशाला विचारायचं? ज्या देशात रस्त्यावर उतरणं सोपं नाही तिथे लोक तळ्याकाठी जमले, फेसबुकवर '६,७०० झाडांसाठी ६,७०० माणसं' असा गट निघाला, आणि झाडांना पिवळ्या फिती आणि पाट्या बांधल्या गेल्या. २० मार्चला महापालिकेने योजना थांबवली. तोवर पाचशेच्या आसपास गेली होती.

तोडलेल्यांच्या जागी एका रस्त्यावर जी लावली ती 'वांग ताम', म्हणजे सोनेरी गाभ्याची, मौल्यवान लाकडाची झाडं असल्याचं सांगण्यात आलं होतं. वनस्पतिशास्त्रज्ञांनी पाहून सांगितलं की ही 'मऽ' आहेत, त्याच कुळातलं हलकं, स्वस्त झाड. 'मऽ' या शब्दाचा दुसरा अर्थ चरबी. आणि याच चरबीवरून 'मऽ मांग' हा शब्द आलाय: तुकतुकीत, तजेलदार, भरपूर खायला मिळाल्यासारखी दिसणारी वाढ.

झाडांना बांधलेल्या त्या पाट्यांवर मात्र उम, मुओत, सुम स्वे यातलं काही नव्हतं. एवढी सगळी श्रीमंती हाताशी असताना लोकांनी निवडला तो 'ख्वे'. माणसं रस्त्यात भेटली की एकमेकांना विचारतात, "ख्वे खोंग?", म्हणजे बरा आहेस ना? पाटीवर झाडच बोलत होतं: मी ख्वे आहे, मला तोडू नका.